मुलीकडची सायकल

श्रीपाद आगाशे यांनी घरात आणि घराबाहेर एक गोष्ट ठणकावून सांगितली होती. मुलाकडचे आणि मुलीकडचे हा प्रकार त्यांना अजिबात मान्य नाही. माणसं सगळी सारखी. मानपान, आहेर, विहीणबाईंचे रुसवे हे सगळं एकदाचं मोडीत काढलं पाहिजे. हे त्यांनी डोंबिवलीत फडके रोडवर उभं राहून ओळखीपाळखीच्या माणसांना ऐकवलं होतं, बायकोला जेवताना ऐकवलं होतं, आणि त्यांची एकुलती एक मुलगी अंतरा लग्नाचा विषय काढू देत नव्हती तेव्हा तिलाही ऐकवलं होतं. माणूस एखाद्या गोष्टीविरुद्ध इतका तावातावाने बोलायला लागला की ती त्याच्या अंगात किती मुरली आहे ते ओळखावं. पण हे श्रीपादरावांना सांगणार कोण?

अंतराने विनीत उगलेला पसंत केलं ते सायकलमुळे. दोघं एकाच सायकल ग्रुपमधली. पहाटे उठून कधी टिटवाळ्याच्या गणपतीला, कधी माळशेजच्या पायथ्याला जाऊन यायची आणि दुपारी ऑफिसात जांभया द्यायची. मुलगा चांगला होता. श्रीपादरावांनी हे स्वतःहून कबूल केलं होतं, आणि आडनावावरून नातेवाइकांनी जी कुजबुज सुरू केली होती ती त्यांनी एका वाक्यात बंद पाडली होती. घोडं अडलं होतं मुलाच्या वडिलांपाशी.

मारुती उगले एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. राहायला ठाण्याच्या वर्तकनगरात, मूळ गाव दिंडोरीच्या पुढे कादवा नदीच्या काठी. उभी हयात इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलल्यामुळे घरातही त्यांचा आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असाच निघायचा. श्रीपादराव आणि त्यांच्या पत्नी सुमतीबाई पहिल्यांदा त्यांच्याकडे गेली तेव्हा चहापासून निघताना चपला घालेपर्यंत मारुतीरावच बोलत होते. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी रतनबाई बोलत होत्या, विनीत मध्येच बोलत होता, टीव्ही कुणी बंद केला नव्हता. घरी येऊन श्रीपादरावांनी डोक्याला बाम चोळला आणि त्यांच्या मनात एक भीती येऊन बसली, ती उठेना. या गलक्यात आपल्या मुलीचं म्हणणं ऐकणार कोण? ती चार पावलं पुढे चालणारी मुलगी. तिथे तिला सगळ्यांच्या मागे उभं केलं तर?

अंतराने त्यांना सरळ सांगितलं होतं. "बाबा, मी तुमची परवानगी मागत नाहीये. पण तुमचा चेहरा पडलेला असताना मला लग्न करायचं नाही. मनापासून हो म्हणा, नाहीतर मनापासून नाही म्हणा. मी तुमच्यावर रागावणार नाही."

रागावणार नाही म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते, आणि ते श्रीपादरावांनी पाहिलं होतं.

मग मारुतीरावांनीच टूम काढली. फेब्रुवारी आहे, द्राक्षं तयार आहेत, माझा थोरला भाऊ दौलत बोलावतोय. दिंडोरीपर्यंत गाडीने जाऊ, तिथून नदीच्या काठाकाठाने गावापर्यंत सायकली. मुलं आणि आपण दोघं. बायका गाडीतून. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. श्रीपादरावांनी मान डोलावली आणि अंतराला म्हणाले, "रविवारी परत आलो की तुला काय ते सांगतो."

शनिवारी पहाटे उगल्यांची गाडी डोंबिवलीत दारात आली. रतनबाई स्वतः चालवत होत्या. वर्तकनगरात त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं, आणि डबे पोचवण्यासाठी घेतलेल्या त्या गाडीच्या टपावर दोन सायकली आधीच बांधलेल्या होत्या. तिसरी अंतराची चढली आणि चौथी श्रीपादरावांची. काळी, दांड्याची, गिअर नसलेली. एमआयडीसीतल्या कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसला होते आणि निवृत्त होईपर्यंत याच सायकलवरून गेले होते. अंतराने गिअरची सायकल देऊ केली होती. श्रीपादराव म्हणाले होते, "माझे पाय हेच माझे गिअर." हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं. दुपारपर्यंत ते त्यांना चांगलंच महागात पडणार होतं.

कसारा घाटात चहाला थांबले तेव्हा मारुतीरावांनी ग्लास पुढे केला आणि बोलण्याच्या ओघात म्हणाले, "घ्या व्याही, गरम आहे तोवर."

सुमतीबाई डोंगराकडे बघायला लागल्या. मारुतीरावांनी जीभ चावली. रतनबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर दरीतच उडी मारली असती.

"आगाशेच म्हणा," श्रीपादराव शांतपणे म्हणाले. "अजून काही ठरलेलं नाही."

"हो हो, तसं नाही, तोंडातून गेलं," मारुतीराव म्हणाले, आणि त्यानंतर इगतपुरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. गाडीत इतकी शांतता उगल्यांच्या घरच्या माणसांनी बहुधा पहिल्यांदाच ऐकली असावी.

दिंडोरीच्या बाहेर सायकली उतरवल्या. हवेत गारवा होता. मारुतीरावांची सायकल नवी कोरी, लाल, भरपूर गिअरची. अंतरा त्या सायकलच्या सीटची उंची बघत होती. ती श्रीपादरावांकडे वळून म्हणाली, "बाबा, एक सांगायचंय. काका ना..."

"मी सांगतो गं साहेबांना!" मारुतीरावांचा आवाज मध्येच आला. "तू जा, विनीतला घे आणि व्हा पुढं. आम्ही म्हातारे येतो सावकाश."

"काका, पण..."

"जा म्हटलं ना!"

अंतरा हसली, खांदे उडवून सायकलवर बसली आणि विनीतला हाक मारून निघाली. श्रीपादराव हसले नाहीत. माझ्या मुलीचं वाक्य यांनी पुरं होऊ दिलं नाही, एवढं त्यांनी मनात टिपून ठेवलं.

बायका गाडी घेऊन सरळ गावाकडे गेल्या. सुमतीबाईंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आधी काढायच्या की रतनबाईंचे धपाटे, यावर वाटेतच त्यांचं प्रेमाचं भांडण जुंपलं होतं. रस्त्यावर दोन बाप आणि दोन सायकली राहिल्या.

"व्हा पुढं, आगाशेसाहेब."

"छे छे. तुम्ही व्हा."

"तुम्ही मोठे."

"वयाने तुम्ही मोठे असाल. व्हा तुम्ही."

हे बराच वेळ चाललं. एक ट्रॅक्टर आला, त्याच्या चालकाने दोघांकडे बघून गाडी हळू केली, काय भानगड आहे ते कळेना म्हणून पुन्हा वेग घेतला. शेवटी मारुतीराव रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर एक पाय ठेवून सायकलवर चढले, थोडे डुलले आणि निघाले. श्रीपादराव त्यांच्या मागे निघाले. बरोबर एक सायकल मागे.

आता खरं सांगायचं तर श्रीपादरावांना पुढे जाता येत होतं. रस्ता मोकळा होता, पायांत जोर होता. एकदा त्यांनी हँडल जरा उजवीकडे घेतलंही. पण मुलाच्या वडिलांना मागे टाकून मुलीचा बाप पुढे निघाला तर ते कसं दिसेल, असा विचार डोक्यात आला आणि हँडल आपोआप सरळ झालं. तोंड काहीही म्हणो, लग्नात हात जोडून मागे उभ्या राहिलेल्या मुलीकडच्यांच्या किती पिढ्या त्या पायांत होत्या. ते पाय मागेच राहिले.

वाट मात्र सुरेख होती. डाव्या हाताला कादवा, उन्हात चमकणारी, फार पाणी नसलेली पण आपल्या मर्जीने वळणं घेणारी. तिच्या दोन्ही अंगांना उतारावर द्राक्षांच्या बागा, थेट डोंगराच्या पायापर्यंत. मांडवाखाली घड लोंबत होते. काही बागांमध्ये एकेक घड कागदात गुंडाळलेला, ऊन लागून रंग बिघडू नये म्हणून. कात्र्या घेतलेल्या बायका घड कापून क्रेटमध्ये अलगद ठेवत होत्या, आणि कुणाच्या तरी मोबाइलवर गाणी लागली होती. एका वळणावर वाइनच्या द्राक्षांची बाग होती. कमरेइतक्या उंच ओळी, टेकडीवर भांग पाडल्यासारख्या. श्रीपादरावांनी जन्मात वाइन घेतली नव्हती, पण ती द्राक्षं कशी लागतात ते बघावं असं त्यांना फार वाटलं.

पण थांबणार कसं? मारुतीराव थांबतच नव्हते.

मारुतीराव मागे वळूनसुद्धा बघत नव्हते. मान ताठ, नजर समोर, दोन्ही हात हँडलवर. पूल आला, गेला. सावलीचं वडाचं झाड आलं, गेलं. रसवंतीची घुंगरं वाजली, तीही मागे पडली. श्रीपादरावांच्या घशाला कोरड पडली होती, आणि पाण्याची बाटली कॅरिअरला पिशवीत बांधलेली. उतरल्याशिवाय मिळायची नाही. मुलाचे वडील थांबल्याशिवाय मुलीच्या बापाने थांबायचं कसं, हा नवा पेच होता. त्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. ते ऐकून समोरची लाल सायकल आणखीच जोरात पळायला लागली.

"बघा, असे आहेत," श्रीपादराव मनात म्हणाले. "मागे माणूस मेला की जिवंत आहे याची फिकीर नाही."

मग ती बाग आली. बांधावर चारपाच बाया जेवायला बसत होत्या. त्यांतल्या एकीने दोन घामाघूम म्हातारे पाहिले आणि उठून हाक मारली, "ओ बाबा! या, द्राक्षं खाऊन जा. पाणी प्या!" हातात ताजा घड होता. हिरवा, टपोरा, पाणी शिंपडलेला. श्रीपादरावांचा पाय पेडलवरून सुटलासुद्धा होता.

"नको, नको! घाई आहे!" मारुतीराव समोर बघूनच ओरडले आणि तसेच पुढे गेले.

श्रीपादरावांचा पारा चढला. घाई? कसली घाई? आणि माझ्या वतीने नको म्हणणारे हे कोण? विचारलं का मला? आज मला विचारलं नाही, उद्या माझ्या मुलीला विचारणार नाहीत. सकाळी तिचं वाक्य तोडलं, आत्ता माझ्या तोंडची द्राक्षं काढली. ठरलं. नाही म्हणजे नाही.

त्या बाईला त्यांनी ओशाळं हसून हात दाखवला आणि दातओठ खात पेडल मारलं. वाटेत ते आपला नकार जुळवत राहिले. 'अंतरा, मुलगा गुणी आहे, पण...' इथे त्यांना तिचे भरलेले डोळे दिसायचे आणि वाक्य अर्ध्यावर राहायचं. पुन्हा पहिल्यापासून. 'अंतरा, मी मनापासून सांगतो...' पुन्हा तेच डोळे. मुलीला नाही म्हणायचं त्यांना मनातसुद्धा जमत नव्हतं, आणि याचा रागही त्यांनी समोरच्या लाल सायकलवरच काढला.

नदीने मोठं वळण घेतलं आणि रस्ता ते वळण टाळून डोंगराच्या खांद्यावर चढायला लागला. वर खिंड होती. खिंडीपलीकडे खाली पुन्हा नदी, आणि तिच्या काठावर दौलतरावांचं गाव. चढ फार मोठा नव्हता, पण गिअर नसलेल्या काळ्या सायकलला तो पुरेसा होता. श्रीपादरावांचे पाय हेच त्यांचे गिअर होते, आणि आता एकही गिअर पडत नव्हता. छातीचा भाता झाला. घामाने चष्मा घसरत नाकाच्या शेंड्यावर आला. उतरून सायकल ढकलत न्यावी हे कुणालाही सुचलं असतं. त्यांनाही सुचलं होतं. पण समोरचा माणूस उतरत नव्हता. तो नागमोडी जात होता, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, पण उतरत नव्हता.

"मीही नाही उतरणार," श्रीपादराव पुटपुटले. "मुलीकडचे झालो म्हणून काय झालं!"

खिंडीच्या जरा अलीकडे लाल सायकलचा वेग इतका कमी झाला की ती जवळजवळ उभीच राहिली. मग ती अगदी सावकाश, एखादं झाड कलावं तशी, डावीकडे कलली आणि मारुतीरावांना घेऊन रस्त्याकडेच्या वाळल्या गवतात आडवी झाली. पडतानाही मारुतीरावांनी हँडल सोडलं नव्हतं.

श्रीपादरावांचा राग कुठल्या कुठे गेला. सायकल टाकून ते धावले. "उगले! अहो उगले! लागलं का?"

मारुतीराव आडवे पडून आभाळाकडे बघत होते. धापा टाकत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही पाय टेकलेत का?"

"अं? हो, टेकले."

"टेकलेत ना? नक्की?"

"अहो, तुमच्यासमोर उभा आहे!"

"सुटलो!" मारुतीरावांनी डोळे मिटले. "पाणी. सायकलला बाटली आहे. द्या तेवढी."

श्रीपादरावांनी बाटली काढली. ती काठोकाठ भरलेली होती, तिला हातसुद्धा लागला नव्हता. "पाणी प्यायला नाहीत तुम्ही? बाटली तर हाताशी होती."

"पिणार कशी? एक हात सोडला की पडतो मी."

श्रीपादरावांनी बाटली त्यांच्या हातात दिली.

"आणि मागे वळून का बघितलं नाहीत एकदाही?"

"मागं मान वळवली की हँडलपण वळतं ना साहेब. ते अजून जमत नाही."

"आणि त्या बाईने द्राक्षं देऊ केली, तेव्हा थांबायला काय झालं होतं?"

मारुतीराव उठून बसले. त्यांच्या केसांत गवत अडकलं होतं. इतक्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आता अगदी लहान आवाजात बोलला. "थांबायला मला उंचवटा लागतो. दगड, नाहीतर फुटपाथ. त्यावर पाय ठेवला तर उतरता येतं. तिथं काहीच नव्हतं. थांबलो असतो तर पडलो असतो. चार बायांच्या देखत, आणि तुमच्या देखत. द्राक्षं काय मला नको होती? घड बघितला मी तो."

श्रीपादराव शेजारी गवतात बसले. दोघे आळीपाळीने पाणी प्यायले.

"म्हणजे तुम्हाला सायकल येत नाही," श्रीपादराव म्हणाले.

"एसटी येते. सायकल लहानपणी घरात नव्हती, नंतर राहून गेली. आता तुमचं सगळं घर सायकलवाल्यांचं. विनीत म्हणाला, तुम्ही गाडीत बसा. मी म्हटलं, मुलीचे वडील सायकलवर आणि मुलाचा बाप गाडीत पाय पसरून? लोक काय म्हणतील, आणि साहेब काय म्हणतील? मग शिकलो. आणि शिकलो तर आज मागून तुम्ही लागलात पाठीशी! तुमच्या चेनचा आवाज कानाशी. मी हळू होतो तर तुम्ही हळू, पुढं जात नाही. मी जोरात तर तुम्ही जोरात. मध्येच खाकरता काय! म्हटलं, हा माणूस बघायला आलाय, आपली मुलगी कुणाच्या घरात देतोय ते. आपण दमलेलं दिसता कामा नये. पुढं गेला असतात तर मी केव्हाच पडून मोकळा झालो असतो!"

"मी पुढे जाणार कसा? तुम्ही मुलाकडचे!"

तोंडातून हे शब्द गेले आणि श्रीपादरावांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. फडके रोडवर ज्यांना ज्यांना त्यांनी ऐकवलं होतं ती सगळी माणसं या खिंडीत नव्हती, हे नशीब. मारुतीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मारुतीरावांकडे पाहिलं, आणि दोघांना असं हसू फुटलं की दोघांनाही ठसका लागला. खालच्या बागेत फवारणी करणारा माणूस ब्लोअर बंद करून वर बघायला लागला.

हसून झाल्यावर श्रीपादरावांनी विचारलं, "पण शिकवलं कुणी? विनीतने?"

"त्याला कुठला धीर! दोन फेऱ्यांत वैतागला. तुमच्या पोरीनं शिकवलं. दर रविवारी पहाटे, उपवनच्या तलावापाशी. तुम्हाला म्हणून सांगतो साहेब, फार ओरडते. आमच्या घरात माझ्यावर आवाज चढवणारं माणूस आजवर रतन सोडून कुणी नव्हतं. आता दोन झाल्या." ते हे तक्रारीच्या सुरात सांगत होते, पण तोंडभर हसत होते. "सकाळी तुम्हाला हेच सांगायला निघाली होती, काकांना नीट येत नाही, सांभाळा म्हणून. मी तिला पळवलं. माझी लाज गेली असती. नंतर मला त्याचं वाईट वाटलं. संध्याकाळी बोलणी खाणार आहे मी तिची."

आपली मुलगी त्या गलक्यात हरवणार म्हणून श्रीपादरावांनी किती रात्री कूस बदलत काढल्या होत्या. आणि ती तिथे पहाटे जाऊन या धिप्पाड ड्रायव्हरला रागावून येत होती.

"पहिल्यांदा फार भ्यायचो," मारुतीराव गवत उपटत म्हणाले. "सारखा मागं बघायचो, तिनं सीट धरलीय की सोडली. ती म्हणायची, काका, पुढे बघा. मी मागे आहे. तेवढं ऐकलं की चालायची सायकल. ती मागं असायची का नाही, देव जाणे."

पुढे बघा, मी मागे आहे.

डोंबिवलीच्या जिमखान्याच्या मैदानावर, फ्रॉक घातलेल्या, गुडघे फुटलेल्या एका मुलीच्या मागे धावताना हे वाक्य श्रीपादराव म्हणायचे. पुढे बघ, मी मागे आहे. हात तर कधीच सोडलेला असायचा. ते नुसते मागे उभे राहायचे आणि मुलगी पुढे पुढे जायची. त्यांनी तिला सायकल तर दिलीच होती, पण त्याहून मोठं म्हणजे हे वाक्य दिलं होतं, आणि ती ते घेऊन परक्या घरात गेली होती आणि तिथल्या माणसाला देऊन आली होती. आपलं माणूस समजूनच ना?

त्यांना रडू येत होतं आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा बराच वेळ पुसावा लागला.

"चला," शेवटी ते म्हणाले. "मुलं वाट बघत असतील."

दोघांनी खिंडीपर्यंत सायकली ढकलत नेल्या. अगदी शेजारी शेजारी, पुढेमागे नाही. वर पोचल्यावर पलीकडची दरी उघडली. नदी पुन्हा भेटली होती. तिच्या काठाने सगळा हिरवा पट्टा बागांचाच, पाण्यापासून डोंगरापर्यंत चढत गेलेला, आणि मध्ये गावाची कौलं आणि पत्रे. अलीकडेच रस्त्याला लागून एक मळा होता. फाटकापाशी रतनबाईंची गाडी उभी होती, आणि एक मुलगी सायकलवर बसून वर बघत होती. इतक्या लांबूनही ती अंतराच आहे हे श्रीपादरावांना तिच्या मान वर करण्यावरून कळलं.

खाली जाणारा रस्ता सरळ आणि बेताच्या उताराचा होता. मारुतीराव त्याच्याकडे संशयाने बघत होते.

"उतार मी अजून केला नाही," ते म्हणाले. "उपवनला उतार नाही. चालतच जाऊ या का?"

"ब्रेक दोन्ही हळू दाबत राहायचं. पुढचा एकटा दाबायचा नाही. बसा. मी सीट धरतो."

मारुतीराव एका दगडावर पाय ठेवून चढले. श्रीपादरावांनी मागून सीट धरली आणि दहापंधरा पावलं बरोबर चालले. मग हात सोडला, धावत मागे जाऊन आपल्या काळ्या सायकलवर टांग मारली आणि पुन्हा एक सायकल मागे राहून चालवू लागले. सकाळपासून जिथे होते तिथेच, मागे. पण आता मागे राहताना त्यांना पहिल्यांदा बरं वाटत होतं.

लाल सायकल जरा थरथरली.

"आहात ना मागं?" मारुतीराव समोर बघूनच ओरडले. आवाजात भीती होती.

श्रीपादरावांनी पूर्ण दम घेतला. त्यांच्या आवाजाला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, पण तो सबंध दरीला ऐकू गेला.

"पुढे बघा, व्याही! मी मागे आहे!"

मारुतीराव एसटीत असताना गाडी कधी रस्त्याखाली गेली नव्हती, असं ते अभिमानाने सांगत. पण हा शब्द ऐकून त्यांना राहवलं नाही. त्यांनी वळून पाहिलं. अख्खी मान वळवून, तोंड उघडं टाकून, श्रीपादरावांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मान वळली तसं हँडल वळलं, हँडल वळलं तशी सायकल रस्ता सोडून उतरली, आणि ठिबकच्या पाण्याने मऊ झालेल्या मातीत, द्राक्षांच्या पहिल्याच ओळीत, मारुतीराव मांडवाखाली जाऊन बसले. मागून श्रीपादराव त्यांना वाचवायला म्हणून वळले आणि तेही तिथेच पोचले.

फाटकापासून अंतरा आणि विनीत जिवाच्या आकांताने सायकली हाणत वर आले. त्यांच्या मागे रतनबाई, सुमतीबाई आणि हातात भाकरतुकडा ओवाळायचं ताट घेतलेल्या दौलतरावांच्या पत्नी, ताटातलं पाणी सांडत.

मांडवाखाली दोघे बाप चिखलात बसले होते. एकाच्या चष्म्याची काच गेली होती, दुसऱ्याच्या कोपराला खरचटलं होतं. मधोमध एक घड लोंबत होता आणि दोघे त्याची द्राक्षं तोडून खात होते.

"काका!" अंतरा ओरडली. "किती वेळा सांगितलं, मागे बघायचं नाही! कशाला बघितलंत?"

मारुतीरावांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते, आणि आवाज तर कुठे हरवलाच होता.

"मला व्याही म्हणाले गं ते," ते म्हणाले.

अंतराने बाबांकडे पाहिलं. श्रीपादरावांचा चेहरा चिखलाने माखला होता, पण पडलेला नव्हता. त्यांनी हातातलं द्राक्ष तिच्यापुढे केलं.

"घे," ते म्हणाले. "फार गोड आहेत इथली."